बँड काढता येतो, म्हणून बसवावा का?

'ताई, नमस्कार. माझं वय ४१, उंची १६० सेंटिमीटर, वजन १०४ किलो. दीड वर्षापूर्वी टाइप २ मधुमेह निघाला. गुडघे कुरकुरतात, रात्री घोरते आणि झोपून उठलं तरी अंग जडच असतं. छातीत जळजळ आणि आंबट घशाशी येणं हे रोजचंच झालंय. आजवर तीनदा मनावर घेऊन दहा-बारा किलो उतरवले आणि तिन्ही वेळा ते व्याजासकट परत आले. आता एका सर्जननी गॅस्ट्रिक बँड सुचवलाय. जठर कापत नाहीत, नको वाटलं तर काढता येतो, हे ऐकून जरा धीर आला. पण ओळखीतल्या एकीने बँड बसवून सहा वर्षांनी काढून टाकला. ती म्हणते, या फंदात पडूच नकोस. नवरा म्हणतो, हा शॉर्टकट आहे, तोंडावर ताबा ठेवलास तर ऑपरेशन लागेलच कशाला? मोठ्या बहिणीला तर अजून सांगितलेलंच नाही. माझी नोकरी फिरतीची, महिन्यातले पंधरा-वीस दिवस बाहेरगावी असते. रात्री खोलीवर एकटी असले की चॉकलेट आणि आइस्क्रीमकडे हात जातो, हेही कबूल करते. काय करू?' – गोंधळलेली

नमस्कार. पत्र सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. ते शेवटचं चॉकलेट-आइस्क्रीमचं वाक्य तर फारच कामाचं. बहुतेक जण ते सर्जनपासूनही लपवतात आणि नेमकं त्यावरच बरंचसं अवलंबून असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. शस्त्रक्रियेचा विचार तुम्ही जरूर करा, पण बँडवर लगेच होकार देऊ नका. फिरतीची नोकरी, घशाशी येणारं आंबट आणि रात्रीचं गोड, तुमच्या पत्रातल्या या तिन्ही गोष्टी बँडच्या विरोधात जातात. मी आहारतज्ज्ञ आहे, सर्जन नाही, आणि तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. तेव्हा निर्णय तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. पण बँड बसवलेल्यांशी आणि काढून टाकलेल्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम आहे, त्या भरवशावर चार गोष्टी सांगते.

आधी नवऱ्याचा 'शॉर्टकट' निकालात काढू. तुमच्या उंची-वजनावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साधारण ४०.६ येतो. १९९१ पासून चालत आलेला निकष असा की बीएमआय ४० च्या पुढे असेल, किंवा ३५ च्या पुढे असून मधुमेहासारखा आजार सोबत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी ही रेषा आणखी खाली आणली. आता ३५ च्या पुढे सोबत आजार नसला तरी चालतं आणि टाइप २ मधुमेह असेल तर ३० पासूनच शस्त्रक्रिया सुचवतात. आशियाई वंशाच्या लोकांसाठी मर्यादा त्याहूनही खाली, २७.५ वर आहे. म्हणजे जुना निकष लावा की नवा, तुम्ही दोन्हींत बसता. हौसेने ऑपरेशन करून घेणाऱ्यांपैकी तुम्ही नाही.

राहिला तोंडावरचा ताबा. तीनदा दहा-बारा किलो उतरवणाऱ्या बाईला ताबा नाही असं कोण म्हणेल? वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं घटतात आणि विश्रांतीत जळणारी ऊर्जाही कमी होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मोजून दाखवलं. दहा आठवडे कडक आहारावर वजन उतरवलेल्या लोकांची संप्रेरकं वर्ष उलटलं तरी पूर्ववत झाली नव्हती, आणि भूकही वाढलेलीच होती. हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला द्या. ते काळजीपोटीच बोलत असतील, पण मधुमेह निघालेल्या माणसाला टोमण्यांचा काही उपयोग होत नाही.

आता बँडकडे वळू. बँड म्हणजे सिलिकॉनचा पट्टा. दुर्बिणीतून ऑपरेशन करून तो जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती, अन्ननलिका संपते तिथून थोडा खाली बसवतात. पट्ट्याच्या वर जठराची दोन-तीन चमच्यांएवढी लहानशी पिशवी राहते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक पोकळ फुगा असतो. त्यापासून निघालेली नळी पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या एका छोट्या पोर्टला, म्हणजे सुई टोचायच्या डबीला, जोडलेली असते. पोर्टमधून सलाइन भरलं की पट्टा आवळतो आणि काढलं की सैल होतो. घास त्या अरुंद जागेतून जाताना जठराच्या वरच्या भागातल्या नसांवर दाब पडतो आणि थोडक्या खाण्यात समाधान वाटतं, अशी ही योजना. बँड अन्न अडवण्यासाठी असतो अशी पुष्कळांची समजूत असते, पण नीट बसवलेला बँड अन्न अडवत नाही. घास अडकायला लागला की बँड जास्त आवळला गेलाय किंवा खाण्याची पद्धत चुकतेय, असं समजायचं. (पोटात फुगा सोडतात तो गॅस्ट्रिक बलून वेगळा. तो काही महिन्यांनी काढायचाच असतो. या दोन्हींची गल्लत करणारे मला नेहमी भेटतात.)

ऑपरेशन तासाभराचं असतं आणि घरीही लवकर सोडतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. बहुतेक ठिकाणी साधारण सहा आठवड्यांनी पहिल्यांदा सलाइन भरतात. तुम्ही टेबलावर आडव्या पडलेल्या असता. डॉक्टर किंवा नर्स बोटांनी चाचपून पोर्ट शोधतात आणि कधी डोकं किंवा पाय किंचित उचलायला लावतात, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होऊन पोर्ट वर येतो. मग ह्यूबर नावाची खास सुई टोचतात. साधी सुई इथे चालत नाही, कारण तिच्यामुळे पोर्टच्या पडद्याला कायमचं भोक पडू शकतं. सलाइन भरायचं ते अगदी थोडं, काही वेळा मिलिलीटरभरसुद्धा नाही. भरून झालं की उठवून बसवतात आणि पाणी घोट घोट प्यायला देतात. पाणी सरळ खाली उतरलं तर घरी सोडतात. छातीत तटल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथे थोडं सलाइन परत काढतात. पहिल्या वर्षात असं पुनःपुन्हा जावं लागतं. मापात आवळलेल्या बँडला जाणकार 'ग्रीन झोन' म्हणतात. तिथवर पोचायला काहींना महिने लागतात, आणि पोचल्यावर वजन उतरलं की बँड सैल पडतो, मग पुन्हा भरायचा. महिन्यातले वीस दिवस तुम्ही बाहेरगावी असलात तर हे कोण करणार? आणि परक्या गावी रात्री बँड घट्ट झाला तर सुई टोचून सलाइन काढून देणारं माणूस तिथे मिळेलच असं नाही. सगळ्या इस्पितळांत ती सुईही नसते आणि ते शिकलेलं माणूसही नसतं. बँड आणि सर्जन दोन्ही चांगले असले तरी ही अडचण उरतेच.

हा मुद्दा मी इतका का ताणतेय ते दोन जुन्या अभ्यासांवरून कळेल. मेलबर्नच्या एका केंद्राने २०१३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशोब मांडला. त्यांच्या रुग्णांनी जास्तीच्या वजनापैकी सरासरी ४७ टक्के वजन घालवून ते टिकवलं होतं. तुमच्या मापात बोलायचं तर बीएमआय २५ च्या वरचं तुमचं वजन सुमारे ४० किलो, त्यातले १९ गेले असते. ब्रसेल्सच्या एका केंद्राने २०११ मध्ये बारा वर्षांहून जुने बँड तपासले. तिथे जे रुग्ण तपासणीला सापडले त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा बँड काढावा लागला होता, आणि साधारण एक-तृतीयांश जणांत तो जठराची भिंत कोरून आत शिरला होता. एकाच तऱ्हेच्या उपकरणाचे असे दोन टोकांचे निकाल. बँड बसवण्याचं तंत्र मधल्या काळात सुधारलं, हा त्यातला एक भाग. पण मेलबर्नवाल्यांनी रुग्ण सोडले नाहीत, वर्षानुवर्षं बोलावून बँड जुळवत राहिले, हाही तितकाच मोठा भाग आहे असं मला वाटतं. आणि तिथेही दुरुस्तीची ऑपरेशनं थोडीथोडकी नव्हती. पिशवी फुगली, नळी गळली, पोर्ट उलटला, ही कारणं निघतच राहिली.

सलाइनने जुळवता येणारा बँड माणसात पहिल्यांदा १९८६ मध्ये बसवला गेला, दुर्बिणीतून १९९३ मध्ये, आणि अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. तिथे २०११ मध्ये वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियांत दर तीनांत एक बँडची होती. २०१९ येईतो हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बँड बरा वागतो. तक्रारी सुरू होतात त्या पाचव्या, सातव्या, दहाव्या वर्षी, आणि मागणी ओसरली ती त्यामुळेच. म्हणून तुम्हाला बँड सुचवणाऱ्या सर्जनना एक प्रश्न सरळ विचारा: गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती बँड बसवले आणि किती काढले? चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. ते स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करणं) आणि बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं) या शस्त्रक्रियाही करतात का, हेही विचारा. फक्त बँडच करणाऱ्याकडून तीन पर्यायांची निष्पक्ष तुलना ऐकायला मिळणं कठीण.

तुम्हाला धीर आला तो बँड काढता येतो म्हणून. तो काढता येतो हे खरं आहे. पण काढायला पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल. बँडभोवती शरीराने व्रणाचं जाड वेष्टण तयार केलेलं असतं, तेही सोडवावं लागतं. काढल्यावर भूक पूर्वीसारखी होते आणि बहुतेकांचं वजन परत चढतं. मग पुढे स्लीव्ह किंवा बायपास करायचं ठरलं तर त्या व्रण पडलेल्या जागी टाके घ्यावे लागतात, त्यामुळे पहिल्याच खेपेला ती शस्त्रक्रिया केली असती त्यापेक्षा धोका वाढतो. अनेक सर्जन म्हणूनच एका वेळी बँड काढतात आणि काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करतात. म्हणजे एक टाळायला गेलात आणि तीन पदरात पडली, असं होऊ शकतं. तुमच्या ओळखीच्या बाईंशी एकदा निवांत बोला. बँड का काढला, घसरला होता, आत शिरला होता, की सलाइन भरायला जाणंच बंद झालं होतं, हे विचारा. 'या फंदात पडू नकोस' एवढ्यावरून काहीच ठरवता येणार नाही.

आता तुमची जळजळ. बँडच्या वर पिशवी आणि तिच्या वर अन्ननलिका. बँड जरा जास्त घट्ट झाला किंवा खालचं जठर त्यातून वर सरकलं की आंबट पाणी रात्री झोपेत घशाशी येतं, खोकला सुटतो, उशी ओली होते. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अन्ननलिका रुंदावते आणि तिचा जोर जातो. ज्यांना आधीपासूनच हा त्रास आहे त्यांनी बँडच्या आधी तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर तपासून घ्यायलाच हवं, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) आहे का तेही पाहायला हवं. स्लीव्हमध्येही अनेकांची जळजळ वाढते. या तक्रारीला सगळ्यांत मानवणारी शस्त्रक्रिया गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा सर्जनना जळजळीबद्दल सांगितलंय का, आणि सांगूनही त्यांनी बँडच सुचवला का, हे मला जाणून घ्यायचं होतं. पत्रात ते आलेलं नाही.

रात्रीचं गोड हे त्याहून अवघड, कारण त्यात बँडचा काहीच इलाज चालत नाही. बँड घट्ट असलेला माणूस जेवायला बसलेला मी कितीदा पाहिलाय. दोन घास झाले, तिसरा जरा घाईत गिळला, आणि बोलता बोलता तो थांबतो. छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडात पातळ लाळ दाटते, डोळ्यांत पाणी. उठून बाथरूम गाठायचं, फेसाळ लाळ आणि तो न पचलेला घास बाहेर पडला की पाच मिनिटांत पुन्हा ठणठणीत. टेबलावरच्या बाकीच्यांना वाटतं, फोन घ्यायला गेला होता. मऊ पाव, चिकट भात, तंतुमय मांस हे हमखास अडकणारे. आणि आइस्क्रीम? ते वितळून सरळ खाली जातं. चॉकलेट, मिल्कशेक, चुरचुरीत बिस्किटं, कशालाच अडचण नाही. महिना-दोन महिने धड अन्नाचे घास अडकले की माणूस नकळत जे उतरतं त्याकडे वळतो. नीट जेवण बंद, वजन तिथेच, आणि वर प्रथिनांचा तुटवडा. माझ्याकडे येणाऱ्यांत 'बँड चालला नाही' म्हणणारे बरेच जण खरं तर या वाटेने गेलेले असतात. त्यांना मी दोष देत नाही, त्या वाटेला लागणं फार सोपं असतं. पण ज्यांचा हात आधीच रात्री तिकडे जातो त्यांनी ऑपरेशनच्या आधी या सवयीवर काम करायला हवं. समुपदेशक बाईंची भेट लावली असेल तर ती कागद पूर्ण करण्यापुरती मानू नका. रात्री हात जातो तो भुकेने की एकटेपणाने, हे तिथे उलगडू द्या. पोट लहान करून एकटेपणा लहान होत नाही, आणि खाण्याचा आधार काढून घेतल्यावर काही महिने मन उदास होणारेही असतात. त्याची तयारी आधी ठेवलेली बरी.

बँडची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. जठर-आतडी कापत-जोडत नाहीत, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळचा धोका इतर प्रकारांपेक्षा कमी, आणि जीवनसत्त्वांचा तुटवडाही कमी होतो (गोळ्या तरी घ्याव्याच लागतात). गरोदरपणात तो सैल करता येतो. मधुमेहावरही त्याचा चांगला पुरावा आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह निघून दोन वर्षंही न झालेले साठ जण, निम्म्यांना बँड आणि निम्म्यांना नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह माघारी गेला होता, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांचा. तुमचा मधुमेह दीडच वर्षाचा आहे, तेव्हा हा आकडा तुमच्या कामाचा. मात्र त्यामागचं खरं कारण उतरलेलं वजन होतं. वजन ज्या मार्गाने उतरून टिकेल तो मार्ग मधुमेहाला चालतो, आणि लवकर केलेलं बरं. एका गावात राहणारी, सलाइन भरायला न चुकता जाणारी, जळजळ नसलेली आणि वेळेवर नीट जेवणारी पण गोडाच्या मागे नसलेली व्यक्ती असती तर मी बँडला इतकी नाकं मुरडली नसती.

टिकण्याबद्दल स्वीडनचा मोठा अभ्यास सांगतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळ वजनाच्या सरासरी २५ टक्के कमी होतं, बँडवाल्यांचं १४ टक्के. तुमच्या १०४ किलोंवर धरलं तर २६ किलो विरुद्ध १४-१५ किलो. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं, हेही त्यांनी २००७ मध्ये दाखवलं. बायपासची किंमत वेगळी मोजावी लागते. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, आणि गोड पटकन खाल्लं तर घाम फुटून धडधडणं. तुमच्यासारखीला त्या शेवटच्या त्रासाचा उपयोगच होतो असं काही जणी हसत सांगतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

आणि इंजेक्शनं? तीही आता गंभीर पर्याय आहेत. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही नावं तुम्ही ऐकली असतील. मधुमेह नसलेल्यांत त्यांच्या चाचण्यांत सरासरी १५ आणि २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. मधुमेह असलेल्यांत ते कमी, साधारण १० आणि १५ टक्के. थांबवली की वजन परत येऊ लागतं, म्हणजे तीही दीर्घकाळ घ्यायची. पण काढायला ऑपरेशन लागत नाही. तुमची मूळ भीती जठर कापण्याची असेल, तर बँडच्या आधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी याबद्दल बोलणं मला जास्त रास्त वाटतं. ऑपरेशन ठरलं आणि ही इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना सांगायला विसरू नका, कारण या इंजेक्शनांमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो.

इतकं सगळं ऐकूनही बँडच घ्यायचं ठरवलंत तर हरकत नाही, निर्णय तुमचा आहे. मग एवढं सांभाळा. ऑपरेशनआधी दोन-चार आठवडे कमी कर्बोदकांचा आहार देतात, तो नीट पाळा. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनना जठरापर्यंत पोचायला जागा मिळते. सिगारेट असेल तर बंद. नंतर दोन आठवडे पातळ, मग गाळलेलं-कुस्करलेलं, मग मऊ, आणि पाच-सहा आठवड्यांनी धड अन्न. घास नखाएवढा, चांगला चावून, आणि समाधान वाटलं की ताटात उरलं तरी उठायचं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. फसफसणारी पेयं कायमची सोडायची. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्यांनी जठराला इजा होते, आणि तुमचे गुडघे दुखतात म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

पाठ करून ठेवायची लक्षणंही आहेत. स्वतःची लाळही गिळता येईना, उलट्या थांबेनात, किंवा पोटात-छातीत जोराची कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच इस्पितळ गाठा. बँड घसरला असेल तर सलाइन तातडीने काढावं लागतं. उशीर झाला तर जठराच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी-१ जीवनसत्त्व घसरतं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो, तेव्हा 'होईल बरं' म्हणून अंगावर काढू नका. पोर्टची जागा लाल होऊन ठणकायला लागली, तीही ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, तर नुसती अँटिबायोटिक घेऊन थांबू नका. बँड आत शिरल्याची ती पहिली खूण असू शकते. आणि एके दिवशी अचानक भरपेट जेवता यायला लागलं तर आनंद मानण्याआधी तपासून घ्या. बँडचं नाव, मॉडेल आणि आत किती सलाइन आहे हे लिहिलेलं कार्ड प्रवासात पर्समध्ये असू द्या.

बहिणीला सांगावं का? सगळ्या गावाला सांगायची काहीच गरज नाही. ऑफिसात 'पोटाचं ऑपरेशन' एवढं पुरे. पण घरातल्या एका तरी माणसाला सगळं खरं माहीत असावं, कारण रात्री दोनला इस्पितळात कोण नेणार हा प्रश्न उरतोच. बहीण ऐकून घेणारी असेल तर तीच ते माणूस. नवऱ्याला पुढच्या भेटीला सोबत न्या. घरी तुम्ही समजावलेलं त्यांना पटणार नाही, पण सर्जनसमोर बसून त्यांनी दोन प्रश्न विचारले तर 'शॉर्टकट' हा शब्द बहुधा आपोआप मागे पडेल. शक्य असेल तर ऑपरेशन केलेल्यांच्या एखाद्या आधारगटात जाऊन बसा आणि पहिल्या वर्षातल्यांपेक्षा आठ-दहा वर्षं झालेल्यांचं ऐका.

पुढच्या भेटीआधी झोपेची तपासणी करून घ्या. घोरणं आणि सकाळचा जडपणा ही झोपेत श्वास अडण्याची लक्षणं असू शकतात. ते आहे हे भूलतज्ज्ञांना आधी कळायला हवं, आणि निघालंच तर त्यावरचं मशीन ऑपरेशनआधीच सुरू करतात. मधुमेहाच्या गोळ्यांची यादीही सोबत न्या. कमी कर्बोदकांचा आहार सुरू झाला की साखर झपाट्याने उतरते, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी त्याच मात्रेत चालू राहिली तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर ती ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवतात. कधी थांबवायची ते मधुमेहाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.